‘घरात असलेली बेल’ : कोणाच्या घरातली?

बाहेर फलकावर आजचा विषय वाचून दोघातिघांनी जिन्यातच गाठलं, ‘सर, आज वायरमनचं व्याख्यान आहे का?’ (हशा) तर हो, थोडंसं आहे. आतापर्यंतच्या व्याख्यानांत आपण ग्रंथ घेतले, संकल्पना घेतल्या. आज समीक्षेला घेतलंय ते एक वाक्य, आणि तेही एका खोक्यातून निघालेल्या माहितीपत्रकातलं. कॅमेरा असलेली, फोनला जोडलेली दारावरची बेल हल्ली मिळते. तिच्या पत्रकात इंग्रजीत जे लिहिलेलं असतं त्याचा आशय असा, की हे यंत्र तुमच्या घरात सध्या असलेल्या बेललाच जोडता येईल. कंपनीचं नाव आम्ही घेणार नाही. थोड्याफार फरकानं हेच पुष्कळ पत्रकांत लिहिलेलं असतं, त्यामुळे एकीला धरून बाकीच्यांना सोडण्यात अर्थ नाही. आमचं भांडण ‘असलेली’ या एका शब्दाशी आहे. ‘असणं’ या क्रियापदावर आमची सगळी नोकरी गेली, तेव्हा एवढा हक्क आम्हाला असावा. (हशा)

आधी आमच्या घरात काय ‘आहे’ ते सांगू. आम्ही इंद्रायणीनगरात राहतो, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. दाराच्या आत, चौकटीच्या वर, एक पांढरा प्लास्टिकचा डबा आहे. त्यात तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल. तिच्या पोकळीत एक लोखंडी दांडी, दांडीला स्प्रिंग. बाहेरचं बटण दाबलं की कॉइल चुंबक होते, दांडी ओढली जाऊन एका पट्टीवर आपटते : डिंग. बटण सोडलं की चुंबकत्व जातं, स्प्रिंग दांडीला परत ढकलते, ती दुसऱ्या पट्टीवर आपटते : डाँग. बोट दाबताना डिंग, बोट उचलताना डाँग. दाबूनच धरलं तर डाँग येतच नाही. आमचा पेपरवाला महिन्याचं बिल घ्यायला येतो तेव्हा डिंगनंतर इतका वेळ डाँगची वाट बघावी लागते, की दार उघडण्याआधीच आम्ही सुटे पैसे शोधायला लागतो. वीसबावीस वर्षं ऐकून आमच्या पत्नींना बोटंसुद्धा ओळखता येतात. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं. फोनची किणकिण त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, पण पट्टीवरचा हा टोला स्वयंपाकघरात नळ चालू असतानाही पोहोचतो. हे सगळं त्या ‘असलेल्या’ बेलमध्ये येतं.

आता तिची वायरिंग. फेज बटणाकडे येते, बटणातून बेलकडे जाते, बेलचं दुसरं टोक न्यूट्रलला. बस्. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणजे पंख्याला आणि मिक्सरला जाते तीच वीज. मध्ये काहीही नाही. बटणाच्या डबीत दोनच तारा असतात, एक येणारी फेज आणि एक बेलकडे जाणारी. न्यूट्रल तिथे बहुधा नसतोच. तुमच्यापैकी बहुतेकांच्या फ्लॅटमध्ये असंच असणार.

माहितीपत्रक लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर मात्र निराळी बेल आहे. अमेरिकेतल्या घरात बेलच्या आधी एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. तो भिंतीतली वीज उतरवून १६ किंवा २४ व्होल्टवर आणतो. बटण आणि बेल दोन्ही त्या उतरवलेल्या विजेवर चालतात. इंग्लंडमध्येही बेलचे ट्रान्सफॉर्मर असतात, तिथे ८ व्होल्टचे सर्रास. हा फरक कुठून आला? त्याला इतिहास आहे. विजेची बेल ही विजेच्या दिव्याहून जुनी. जोसेफ हेन्रीनं १८३१ साली ऑल्बनीमध्ये मैलाहून लांब तारेच्या टोकाला चुंबकानं घंटा वाजवून दाखवली, तेव्हा घराघरांत वीज नव्हतीच. पुढे १८६६ साली लेक्लांशेची बॅटरी आली आणि पाश्चात्त्य घरांत बेल वाजायला लागली, त्या बॅटरीच्या एकदोन घटांवर. नंतर घरात मोठी वीज आली तेव्हा बॅटरीच्या जागी ट्रान्सफॉर्मर बसवला, बेल आहे तशीच राहिली. आपल्याकडे क्रम उलटा. आधी घरात वीज आली, दिवा लागला, पंखा फिरला, आणि मग कधीतरी बेल नावाचा आणखी एक ‘पॉइंट’ निघाला. तोपर्यंत कडी वाजवत होतोच की. ‘कोण?’ ‘मी!’ आणि ‘मी’ म्हणजे कोण हे आवाजावरून कळायचं. त्या एका अक्षरावर आम्ही वर्गात तासच्या तास घेतले आहेत, ते आज नको.

आता एक कबुली देऊन टाकू. या एका बाबतीत त्यांची पद्धत आपल्यापेक्षा शहाणी आहे. बंगल्याच्या फाटकावर, उघड्या पावसात, पाहुण्याच्या ओल्या बोटाखाली २३० व्होल्ट ठेवायचे आणि वर प्लास्टिकचा पातळ पडदा, ही आपली व्यवस्था काही अभिमानानं सांगण्यासारखी नाही. पावसाळ्यात बेलच्या बटणाचा झटका खाल्लेले लोक या सभागृहातही असतील. (काही हात वर होतात.) बघा.

तर असं ते यंत्र बटणाच्या जागी बसतं. इथे एक मौज आहे. जुनं बटण बसून असताना तारेतून काहीही वाहत नव्हतं. बटणाचं खरं काम वीज सोडण्यापेक्षा ती अडवून धरण्याचं. वैशेषिकांनी आधी सहा पदार्थ मानले आणि पुढे अभाव हा सातवा पदार्थ मानला. बटण म्हणजे त्या सातव्या पदार्थाचा राखणदार. कॅमेऱ्याला ते जमत नाही, त्याला चोवीस तास खायला लागतं. मग तो काय करतो, तर घरातल्या बेलच्या कॉइलमधूनच थोडी थोडी वीज ओढत राहतो, इतकी थोडी की दांडी हलू नये. आणि कुणी बटण दाबलं की तो स्वतःला क्षणभर शॉर्ट करतो, म्हणजे सगळी वीज बेलला मिळते आणि ती वाजते. तेवढ्या क्षणापुरता तो स्वतः साठवलेल्या शिदोरीवर जगतो. कल्पना हुशारीची आहे, ते मान्य केलं पाहिजे. पण त्यातून नाना खोडी निघतात. बेल सतत बारीक गुणगुणते. ट्रान्सफॉर्मर जुना आणि लहान असेल तर दिवसा सगळं ठीक, आणि रात्री अंधारात बघायचे इन्फ्रारेड दिवे लागले की भूक वाढते आणि यंत्र बंद पडतं. म्हणून काही कंपन्या खोक्यात एक छोटी डबी देतात. ती बेलच्या डब्यात लावायची, म्हणजे कॅमेऱ्याचं खाणं बाजूच्या वाटेनं जातं आणि बेलला त्रास होत नाही. हे सगळं १६ ते २४ व्होल्टच्या जगात.

तेच यंत्र आमच्या बटणाच्या जागी लावलं तर? यंत्र बसून असताना फार थोडी वीज घेणार, त्यामुळे कॉइलवर व्होल्टेज फारसं उतरणारच नाही, आणि जवळजवळ सगळे २३० व्होल्ट २४ व्होल्टच्या यंत्रावर येऊन बसतील. धूर निघेल. आणि धूर दिसल्यावर पुढचं अनुमान करायला नैयायिक लागत नाही. (हशा)

आमच्याकडे धूर निघाला नाही, याचं श्रेय बसवायला आलेल्या मुलाला. यंत्र आमच्या चिरंजीवांनी टोरांटोहून येताना आणलं होतं. बसवणाऱ्या मुलानं बटण उघडलं, टेस्टर लावला, यंत्राच्या पाठीवरचं वाचलं आणि म्हणाला, ‘काका, हे याला चालणार नाही.’ इथपर्यंत तो शंभर टक्के बरोबर होता. मग त्यानं जुन्या तारा काढून टेप गुंडाळली, यंत्राला आतून मोबाइलच्या चार्जरसारखा अ‍ॅडॅप्टर जोडला, आणि फोनवर अ‍ॅप उघडलं. अ‍ॅप विचारतं, तुमच्या घरात बेल कुठली? उत्तरं तीन : मेकॅनिकल, डिजिटल, नाही. त्यानं तिसऱ्यावर बोट ठेवलं. बेल त्याच्या डोक्यावर दीड फुटावर होती. अभाव इतक्या सहज सिद्ध झालेला आम्ही आमच्या सबंध कारकिर्दीत पाहिला नाही.

दोनेक महिने बरे गेले, उगाच नाव ठेवणार नाही. जिन्यात कोण आहे ते हॉलमधून दिसे. कुरिअरवाल्याला टोरांटोहून ‘दारापाशीच ठेवा’ अशी सूचना मिळे आणि तो बिचारा आधी वर बघे, मग खाली बघे.

मग मागच्या पावसाळ्यातली एक रात्र. आमच्या वरच्या मजल्यावर एक कुटुंब आहे. नवरा चाकणला रात्रपाळीला गेलेला, घरात सून, लहान मूल आणि सासूबाई. सासूबाई न्हाणीघरात पडल्या. आमच्याकडे गाडी आहे हे त्या मुलीला माहीत. रात्री एक वाजून दहा मिनिटांनी तिनं आमची बेल दाबली. यंत्र वाजलं. म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या पोटात जो स्पीकर आहे, त्यातून छान सूर निघाले, तिथे बाहेरच, तिच्या तोंडासमोर. ती थांबली. पुन्हा दाबलं. पुन्हा सूर. पुन्हा थांबली. मग खाली दुसऱ्या मजल्यावर पळाली. तिथल्या मंडळींनी आजींना खुर्चीत बसवून खाली नेलं, रिक्षा मिळवली. खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, आता वॉकर घेऊन फिरतात.

आम्ही आत झोपलो होतो. फोन हॉलमध्ये, चार्जिंगला, आवाज बंद. दुसरा फोन टोरांटोत. तिथे दुपारचे तीन चाळीस, चिरंजीव मीटिंगमध्ये. सकाळी ती मुलगी म्हणाली, ‘काका, मी दोनदा बेल वाजवली. वाजली होती. मला ऐकू आली.’ आम्ही म्हणालो, ‘अगं, वाजली नाही.’ ती खोटं बोलत नव्हती, आम्हीही खोटं बोलत नव्हतो, आणि तरी दोघांपैकी कुणीतरी खोटं ठरल्यासारखं त्या जिन्यात उभं होतं. नंतर फोनवर चित्रण पाहिलं. पाऊण मिनिटाचं आहे, अगदी स्वच्छ. बटण दाबून झाल्यावर ती आमच्या चौकटीच्या वरच्या बाजूला बघते, जिथून इतकी वर्षं आवाज यायचा तिथे. ते आम्हाला नीट बघवलं नाही.

आता यात चूक कुठे झाली, हा आजचा प्रश्न. फोनचा आवाज बंद होता ही आमची चूक, ती आहेच. पण तिथे थांबलं तर यंत्राची समीक्षा होत नाही, आमची होते.

नैयायिकांचं अनुमान तुम्हाला माहीत आहे. बेल ऐकू आली, म्हणजे दारात कुणीतरी आहे. व्याप्ती अगदीच निर्दोष नाही. पोरं बेल वाजवून पळतात. पण हे झालं आवाजावरून केलेलं अनुमान. घरात माणूस जास्त वेळ जगतो तो आवाजावर नाही, शांततेवर. बेल वाजली नाही, म्हणजे कुणी आलेलं नाही, म्हणून आपण झोपतो, अंघोळीला जातो, वाचत बसतो. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं. एखादी गोष्ट जाणवत नाही, यावरून ती तिथे नाही हे कळणं. पण त्यांनी एक अट घातली, ती महत्त्वाची. अनुपलब्धी ‘योग्य’ हवी. म्हणजे ती गोष्ट असती तर जाणवलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही तर घडा नाही म्हणता येतं. अंधारात दिसला नाही तर काहीच म्हणता येत नाही. त्या रात्री आमच्या घरातली शांतता ही अंधारातल्या घड्यासारखी होती आणि आम्ही तिला उजेडातली समजत होतो.

कुणी म्हणेल, जुनी बेल तरी काय मोठी भरवशाची? वीज गेली की ती मुकीच. भोसरीनं भारनियमनाची वर्षं पाहिली आहेत, तेव्हा हा आक्षेप योग्य आहे. पण बारकाईनं बघा. वीज गेलेली असताना पाहुणा बटण दाबतो आणि आतून आवाज येत नाही. तो आवाज येत नाही हे त्यालाही कळतं. मग तो कडी वाजवतो, दार ठोठावतो, हाक मारतो. म्हणजे जुन्या बेलचा आवाज एकच होता आणि तो दाराच्या दोन्ही बाजूंना ऐकू जायचा. ती बिघडली तर तिचं बिघडणंही दोन्ही बाजूंना कळायचं. नव्या यंत्रानं त्या एका आवाजाचे दोन केले. एक बाहेर, पाहुण्याच्या समाधानासाठी. दुसरा कुठेतरी फोनमध्ये, वाजला तर वाजला. बाहेरचा आवाज आतल्या आवाजाची साक्ष देत नाही, पण पाहुणा ती साक्षच समजतो. त्या मुलीनं दार का ठोठावलं नाही? कारण तिला बेल ऐकू आली होती. आपला निरोप पोहोचला असं समजून ती सभ्यपणानं थांबली.

म्हणून आमचा मूळ आक्षेप असा, की आतली बेल जोडणं ही या यंत्रातली मुख्य गोष्ट आहे आणि पत्रकात ती ऐच्छिक म्हणून शेवटच्या पानांवर येते. घरात असलेली बेल म्हणजे जणू जुनं फर्निचर, ठेवायचं तर ठेवा. आणि ठेवायची म्हटलं तरी ती त्यांच्या घरातली हवी, १६ व्होल्टची. आमच्या घरात जी आहे तिच्यासाठी अ‍ॅपमध्ये ‘नाही’ हे बटण.

याचं उत्तर आम्हाला मिळालं ते आमच्याच इमारतीत. तळमजल्यावर एक गृहस्थ आहेत, एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये तीस वर्षं कंट्रोल पॅनेल बनवण्यात गेली. गुरुवारी सुट्टी असते, तेव्हा आम्ही त्यांना चहाला बोलावलं आणि पत्रक पुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोन पानं वाचली आणि पहिला प्रश्न विचारला, ‘एसी की डीसी?’ हा प्रश्न तोपर्यंत आमच्या घरात कुणीच विचारला नव्हता. मग म्हणाले, ‘सर, तुमच्याकडे कंट्रोल आणि पॉवर एकच आहे. यांच्याकडे नुसतं कंट्रोल आहे. मध्ये माणूस ठेवला की झालं.’

हे थोडं उलगडू, कारण आमच्या मते आजच्या विषयावरचं सगळ्यात नेमकं भाष्य हेच आहे. कारखान्यात मशीनवर हिरवं बटण असतं. कामगार ते दिवसात शंभर वेळा दाबतो. मोटर ४१५ व्होल्टची, पण त्याच्या बोटाखाली ४१५ नसतात. तिथे २४ किंवा ११० व्होल्टचं वेगळं मंडल असतं. ते एका कॉन्टॅक्टरला सांगतं, आणि कॉन्टॅक्टर मोटरला. सांगणारी वीज वेगळी, करणारी वेगळी. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, तिच्याबरोबर इथल्या शेतांत शेड उभ्या राहिल्या, आणि त्या शेडमध्ये काम करणाऱ्या प्रत्येक फिटरला हे पाठ आहे. आपल्याच घरात संध्याकाळी परत आल्यावर तो २३० व्होल्टचं बटण दाबतो, ते निराळं.

तर त्यांनी मध्ये माणूस ठेवला. वीजपेटीजवळ २३० चा २४ व्होल्ट एसी करणारा, ४० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर. त्यावर कॅमेरा, आणि बेलच्या जागी एका छोट्या रिलेची कॉइल. कॅमेऱ्याला वाटतं तीच बेल. रिलेचे संपर्क मात्र आमच्या जुन्या बटणाला समांतर. कॅमेऱ्याचं बटण दाबलं की रिले ओढला जातो, २३० व्होल्ट जुन्या बेलला मिळतात : डिंग. रिले सुटतो : डाँग. पहिल्या गुरुवारी हे जमलं नाही. कॅमेरा जी थोडी वीज सतत ओढतो, तेवढ्यावरच रिले थरथरायला लागला आणि बेल दात वाजवल्यासारखी वाजत राहिली. समोरच्या फ्लॅटमधले लोक बाहेर आले. दुसऱ्या गुरुवारी त्यांनी कॉइलला समांतर, पुरेशा वॅटचा एक रेझिस्टर टाकला. आता बसून असताना वीज त्या बाजूच्या वाटेनं जाते आणि रिले शांत राहतो. २३० च्या पाइपमधून २४ ची तार त्यांनी नेऊ दिली नाही, भिंतीवरून वेगळी पट्टी मारली. ती पट्टी आमच्या पत्नींना अजून आवडलेली नाही. आणि जुनं बटणही तिथेच ठेवलं, कॅमेऱ्याच्या खाली. अ‍ॅपमध्ये ‘नाही’ च्या जागी ‘मेकॅनिकल’. हे आम्ही सांगतोय म्हणून घरी जाऊन स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसू नका. मेन बंद करणं, रेझिस्टर किती ओहमचा, किती वॅटचा, हे ज्याला कळतं त्यालाच बोलवा. आणि तसा माणूस नसेल तर दुसरा सोपा मार्ग आहे. जुनी बेल आणि जुनं बटण अजिबात काढू नका, कॅमेरा बाजूला बॅटरीवर लावा, आणि बटणावर ‘बेल’ असं मोठ्या अक्षरांत लिहा.

बाजारात आणखी एक सोय मिळते, आत सॉकेटमध्ये लावायची बिनतारी बेल. वाईट नाही, भाड्याच्या घरात तर तेच बरं. आमच्याकडे ती आणली होती. स्वयंपाकघराजवळ सॉकेट एकच, त्यामुळे मिक्सर लावायचा असला की बेल निघे, आणि एकदा निघाली की संध्याकाळपर्यंत फळीवर. (हशा)

आता कॅमेऱ्याची बाजू. बेल जोडली म्हणजे सगळं आलबेल झालं असं नाही, आणि कॅमेराच नको असंही आमचं म्हणणं नाही. दारात कोण आहे हे दार उघडण्याआधी कळावं, ही इच्छा श्रीमंती चोचल्यातून आलेली नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाची एक कृष्णवर्णीय परिचारिका राहत होती. कामाच्या वेळा आडनिड्या, वस्तीत भीती, पोलीस बोलावले तर लवकर येत नाहीत. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं मिळून दारात वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं, त्यांतून बघणारा सरकता कॅमेरा, आत टीव्हीचा पडदा, बोलायची सोय आणि खोलीतूनच कुलूप उघडायचं बटण अशी व्यवस्था योजली. १९६६ ला पेटंटसाठी अर्ज, १९६९ ला पेटंट मिळालं. पडदा कुठे होता बघा. तिच्या खोलीत. जी घाबरलेली आहे तिच्यासमोर. आमच्याकडे पडदा टोरांटोत आहे, आणि दारामागे ज्या एकट्या असतात त्यांना अ‍ॅप उघडता येत नाही. यंत्र तेच, पण ते कुणाच्या हातात आहे हे बदललं, आणि त्याबरोबर ते कुणासाठी आहे तेही बदललं.

आणि बघितलं कुणाला जातं? आपल्या इमारतींत दारं समोरासमोर, मध्ये पाचसहा फूट. आमचा कॅमेरा आमच्या पाहुण्याला बघतो तेवढाच समोरच्यांच्या उंबऱ्यालाही बघतो. त्यांची मुलगी किती वाजता आली, त्यांच्याकडे कोण आलं, सगळं. इंग्लंडमध्ये २०२१ साली ऑक्सफर्डच्या न्यायालयात शेजाऱ्यांचा असाच तंटा गेला. तिथे न्यायाधीशांना चित्रापेक्षाही आवाज टिपण्याची कक्षा अवाजवी वाटली. आपल्याकडे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं खाजगीपण हा मूलभूत हक्क मानला. पण २०२३ चा विदा संरक्षणाचा कायदा, एखाद्या व्यक्तीनं स्वतःच्या घरगुती कामासाठी केलेल्या वापराला लागूच होत नाही. म्हणजे समोरच्यांशी हे बोलणं आपलं आपल्यालाच करावं लागणार, जिन्यात उभं राहून.

इथून आळंदी हाकेच्या अंतरावर आहे. ताटीच्या अभंगांचा प्रसंग तुम्हाला सांगायला नको. मुक्ताबाई बाहेर, ज्ञानदेव आत, मध्ये ताटी. बाहेरची व्यक्ती बोलते आणि आतल्या व्यक्तीला ते ऐकावं लागतं, एवढ्यावर तो सगळा प्रसंग उभा आहे. आत ऐकू जातंय की नाही याची शंका मुक्ताबाईला नव्हती.

आमची सध्याची स्थिती सांगतो आणि थांबतो. दारावर आता दोन बटणं आहेत. नवे लोक वरचं दाबतात, जुने खालचं, पेपरवाला दोन्ही. वरच्या मजल्यावरची ती मुलगी मात्र बेल वाजवतच नाही, सरळ दार ठोठावते. आम्ही तिला दोनदा सांगितलं की बेल दुरुस्त झाली. ‘हो काका,’ म्हणते आणि पुढच्या वेळी पुन्हा ठोठावते. समोरच्यांचा उंबरा अ‍ॅपमधून काळ्या चौकटीनं झाकून टाकला, ते त्यांना फोनवर दाखवलंही. पण आवाज टिपणं अजून चालूच आहे. चिरंजीवांचं म्हणणं, आईबाबांच्या सुरक्षेसाठी ते असू द्या. समोरच्या वहिनींचं म्हणणं, जिन्यात बोलायची चोरी झाली. आम्हाला वहिनींचं पटतं, पण अ‍ॅपचा पासवर्ड टोरांटोत आहे. (हशा) रविवारी फोनवर पुन्हा बोलणं होणार आहे.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतले, हो, तुम्ही. पॅनेलवाले दिसता.